कोणते पान उघडे ठेवायचे? : रने गोसिनी शताब्दी प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२६

येत्या १४ ऑगस्टला फ्रेंच चित्रकथालेखक रने गोसिनी यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरील दालनात त्यांच्या चित्रकथांमधील अविस्मरणीय प्रसंगांचे छोटे प्रदर्शन भरवावे, हा प्रस्ताव आज कार्यकारिणीने मान्य केला. चित्रांवर स्वामित्वहक्क असल्यामुळे त्यांच्या प्रती काढून भिंतीवर लावायच्या नाहीत, असे पहिल्याच बैठकीत ठरले. त्याऐवजी एरवी पोथ्या ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काचपेट्यांमध्ये मूळ अल्बमच उघडे ठेवायचे आणि प्रत्येकाशेजारी साधारण १२० शब्दांचे मराठी टिपण लावायचे आहे. याचा अर्थ असा की, ४४ पानांच्या कथेतून प्रेक्षकाला एका वेळी समोरासमोरची दोनच पाने दिसणार. ती कोणती, हे ठरवणे हेच या प्रकल्पातील मुख्य काम आहे.

व्याप्ती अ‍ॅस्टेरिक्सपुरती मर्यादित ठेवली आहे. ही मालिका गॉलमधील, म्हणजे प्राचीन फ्रान्समधील, एका गावाची : जादूच्या पेयाच्या बळावर हे गाव सीझरच्या रोमन सैन्याला दाद देत नाही, आणि तिचे नायक आहेत चतुर योद्धा अ‍ॅस्टेरिक्स आणि त्याचा मित्र ओबेलिक्स. ‘लकी ल्यूक’साठी गोसिनी यांनी १९५५पासून अखेरपर्यंत लिहिले आणि सांपे यांच्या चित्रांसह आलेला त्यांचा छोटा निकोला तर मला फार प्रिय आहे, पण निकोला ही मुख्यत्वे गद्यकथा आहे आणि ‘लकी ल्यूक’चे दाखवण्याजोगे अल्बम आमच्या संग्रहात पुरेसे नाहीत. पात्रांची नावे अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांच्या इंग्रजी भाषांतरातली ठेवावीत, कारण आपल्याकडच्या बहुतेक वाचकांची पुरोहित गेटाफिक्सशी आणि गावप्रमुख व्हायटलस्टॅटिस्टिक्सशी ओळख त्याच नावांनी झालेली आहे.

८ जून २०२६

लेखकपरिचयाचा फलक लिहून झाला. गोसिनी पॅरिसमध्ये जन्मले, पण त्यांचे बालपण ब्युनॉस आयर्समध्ये गेले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आईवडिलांचे हे मूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्जेंटिनात सुखरूप होते, मात्र फ्रान्समध्ये राहिलेले आईकडचे नातलग नाझींच्या छळछावण्यांमध्ये मारले गेले. वडील १९४३मध्ये वारले, त्यानंतर मायलेक न्यूयॉर्कला गेले आणि तेथील हलाखीच्या दिवसांत गोसिनी यांची अमेरिकी व्यंगचित्रकार हार्वी कर्ट्झमन यांच्याशी ओळख झाली. पुढे अ‍ॅस्टेरिक्सची चित्रे काढणारे आल्बेर उदेर्झो त्यांना १९५१मध्ये भेटले.

या फलकावर १९५६ हे वर्ष ठळकपणे यावे, असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. त्या वर्षी चित्रकथाकारांच्या हक्कांसाठी एकत्र येण्याचा प्रयत्न केल्याबद्दल गोसिनी यांना त्यांच्या संस्थेने कामावरून काढून टाकले, आणि उदेर्झो व ज्याँ-मिशेल शार्लिए हे दोघे सहकारी त्यांच्यासोबत बाहेर पडले. पुढे याच मंडळींच्या हातून ‘पिलोत’ हे साप्ताहिक आकाराला आले आणि २९ ऑक्टोबर १९५९च्या पहिल्या अंकात अ‍ॅस्टेरिक्स अवतरला. चित्रकथेचा लेखक हा रेखाटनकाराचा मदतनीस नसून स्वतंत्र कर्ता आहे, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. ती गृहीत धरता यावी म्हणून या माणसाने नोकरी गमावली होती.

टाइपरायटरवर ते चौकटीमागून चौकट लिहीत : एका बाजूला चित्रात काय दिसावे त्याचे वर्णन, दुसऱ्या बाजूला संवाद. आपण ज्या प्रसंगांना दाद देणार आहोत, त्यांतले पुष्कळसे चित्र काढले जाण्याआधी अशा टंकलिखित कागदावर घडलेले आहेत, ही जाणीव प्रेक्षकाला दारातच व्हायला हवी.

१४ जून २०२६

पहिली काचपेटी : ‘अ‍ॅस्टेरिक्स अँड द बँक्वेट’. रोमन सेनापतीने गावाभोवती कुंपण घातल्यावर अ‍ॅस्टेरिक्स पैज लावतो की, आपण संपूर्ण गॉल देश पालथा घालून ठिकठिकाणचे खास पदार्थ घेऊन परत येऊ. लुटेशिया (आजचे पॅरिस) शहरात एका खाटकाच्या दुकानाबाहेर एक चिमुकला पांढरा कुत्रा बसलेला आहे. ओबेलिक्स आणि अ‍ॅस्टेरिक्स तेथून निघतात आणि तो त्यांच्या मागे चालू लागतो. तो पुढे पानामागून पाने चालतच राहतो. त्याच्याविषयी कोणी एक शब्द बोलत नाही, निवेदनात त्याचा उल्लेख नाही आणि ओबेलिक्सचे त्याच्याकडे लक्ष जाते ते प्रवास संपून गाव गाठल्यावर. पुढे ‘पिलोत’च्या वाचकांची स्पर्धा घेऊन त्याचे नाव ठरले आणि हा डॉगमॅटिक्स मालिकेतला कायमचा रहिवासी झाला.

आज बालविभागातील एका मुलाला हा अल्बम काहीही न सांगता वाचायला दिला. शेवटच्या पानावर पोहोचल्यावर तो क्षणभर थांबला, बोट तसेच पानात ठेवून त्याने मागची पाने भराभर उलटली आणि मग म्हणाला, “काका, हा तर आधीपासून मागे मागे येतोय! इथे पण आहे, इथे पण!” नंतर त्याने प्रत्येक पानावरचा कुत्रा मला बोटाने दाखवला, समुद्रकिनाऱ्यावरचा, गर्दीतला, रस्त्याच्या कडेचा.

या मुलाने जे केले, ते माझ्या मते गोसिनी यांच्या लेखनाचे मर्म आहे. त्यांचा अविस्मरणीय क्षण ज्या पानावर घडतो, त्या पानावर तो सुरू झालेला नसतो. आधीच्या पानांनी त्याची बेगमी गुपचूप करून ठेवलेली असते आणि वाचकाला मागे वळावेसे वाटते. म्हणून या पेटीत शेवटची मेजवानी ठेवायची नाही, तर मधले, वरकरणी काहीच विशेष नसलेले पान ठेवायचे आणि टिपणात कुत्र्याचा उल्लेखही करायचा नाही, असे ठरवले. ग्रंथपाल बाईंना हे धाडसाचे वाटले. पण पेटीशेजारच्या टेबलावर वाचायची प्रत ठेवणार असल्याने त्यांनी होकार दिला.

२० जून २०२६

‘अ‍ॅस्टेरिक्स अँड द चीफटन्स शील्ड’. फ्रेंच पुस्तक १९६८चे. या अल्बमसाठी मी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवला होता आणि तो सत्कारणी लागला.

इसवी सन पूर्व ५२मध्ये गॉलांनी गेर्गोव्हिया येथे सीझरला हरवले आणि त्याच वर्षी अलेसिया येथे ते निर्णायकपणे पराभूत झाले. गॉलांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स याने सीझरच्या पायाशी शस्त्रे ठेवली, हे चित्र फ्रान्समधील शाळकरी मुलांच्या मनावर पिढ्यानपिढ्या ठसलेले आहे. गोसिनी यांच्या कथेत ही शस्त्रे सीझरच्या पायांशी नव्हे, थेट पायांवर आदळतात आणि विजेता कळवळतो. हा विनोद लोकांना आठवतो आणि आठवायलाही हवा. पण कथेचा खरा जीव त्या ढिगातील ढालीत आहे. एक रोमन तिरंदाज ती पळवतो, जुगारात हरतो. ती हातोहात फिरते, एका शतकाधिपतीकडून मद्याच्या बदल्यात एका गॉल खानावळवाल्याकडे येते आणि मग तिचा माग हरवतो. अनेक वर्षांनंतर सीझरला त्याच ढालीवर उभे राहून विजययात्रा काढायची इच्छा होते आणि सगळे रोमन सैन्य आव्हेर्न प्रांतातली दुकाने धुंडाळू लागते. तिथले प्रत्येक दुकान मद्य आणि कोळसा विकणारे, त्यामुळे झडती घेणारे शिपाई काळेठिक्कर होऊन बाहेर पडतात. पॅरिसमध्ये मद्य आणि कोळशाची दुकाने चालवणारे पुष्कळ लोक याच प्रांतातून आलेले होते, हे ठाऊक असलेल्या फ्रेंच वाचकाला यातली गंमत अधिक भिडत असणार.

याच अल्बममध्ये अलेसियाचा विषय निघताच अभिमानी गॉल भडकतात आणि ते कुठे आहे हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही, असे ओरडून सांगतात. गेर्गोव्हियाच्या विजयावर मात्र ते भरभरून बोलतात. अलेसियाच्या जागेवरून फ्रान्समध्ये दीर्घकाळ वाद झाले; तिसऱ्या नेपोलियनने १८६०च्या दशकात आलीझ-सँत-रेन येथे उत्खनन करवले, तरीही ते वाद शमले नाहीत. पण गोसिनी येथे भूगोलाविषयी बोलत नाहीत. पराभव लक्षात ठेवायचा नाही असे एखाद्या समाजाने मनाशी ठरवले की काय होते, हे ते दाखवतात. आणि हा प्रवास सुरू होतो तो गावप्रमुखाच्या यकृतावरील उपचारासाठी, आणि ते उपचाराचे ठिकाण म्हणजे आजचे व्हिशी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच सरकारचे केंद्र. हे लक्षात घेतले की त्या सरकारची आठवण त्यांच्या मनात नसेलच, असे म्हणणे मला कठीण जाते. हा माझा तर्क आहे आणि टिपणातही तो तर्क म्हणूनच लिहीन.

अखेरीस उलगडा होतो. खानावळवाल्याने ती ढाल अलेसियाहून जीव वाचवून आलेल्या एका थकलेल्या गॉल योद्ध्याला देऊन टाकलेली असते, आणि तो योद्धा म्हणजे आपला व्हायटलस्टॅटिस्टिक्स. पहिल्या अल्बमांपासून ज्या ढालीवरून तो गावभर मिरवतो, जिच्यावरून तो वारंवार घसरून पडतो, तीच ही ढाल! पुढचे दृश्य विलक्षण आहे : या जाड्या, तापट, खाण्यापायी आजारी पडलेल्या गावप्रमुखाला व्हर्सिंजेटोरिक्सच्या ढालीवर उभे करून गेर्गोव्हियात विजययात्रा निघते. ज्याला आपण अनेक पुस्तके हसत आलो, तो अलेसियाला लढला होता आणि त्याविषयी त्याने कधी अवाक्षर काढले नव्हते, हे कळल्यावर आपले हसणे थांबत नाही, पण त्यात आदर मिसळतो. विडंबनातून पात्राचा मान वाढवणे फार थोड्या लेखकांना जमले आहे.

पेटीत विजययात्रेचे पान उघडे राहील.

२४ जून २०२६

‘अ‍ॅस्टेरिक्स अँड द रोमन एजंट’. येथे फार चर्चा झाली नाही. कन्व्हॉल्व्युलस हा माणूस जिथे जाईल तिथे भांडणे लागतात. त्याच्यावर सोडलेले सिंहसुद्धा त्याला सोडून एकमेकांवर तुटून पडतात. सीझर त्याला गावात पाठवतो. तो कोणावर हल्ला करत नाही, कोणाला लाच देत नाही. तो गावातील सर्वांत महत्त्वाच्या माणसासाठी म्हणून एक मौल्यवान फुलदाणी अ‍ॅस्टेरिक्सच्या हाती देतो आणि निघून जातो. तेवढ्याने काम होते : गावप्रमुख दुखावतो, बायका कुजबुजू लागतात आणि द्वेष वाढेल तसतसे संवादफुगे हिरवे होत जातात. रंग हा चित्रकाराचा प्रांत आहे असे आपण मानतो, पण येथे तो कथानकाचा भाग झाला आहे. फुलदाणीचे पान ठेवावे की हिरव्या फुग्यांचे, यावर क्षणभरही मतभेद झाला नाही. लांबून पाहणाऱ्यालाही हिरवा रंग दिसेल.

१ जुलै २०२६

‘अ‍ॅस्टेरिक्स द लीजनरी’. ओबेलिक्स प्रेमात पडतो. गावात परतलेल्या पॅनेशियाला पाहून या अचाट शक्तीच्या माणसाची वाचा बसते. पूर्वीच्या सर्व अल्बमांत त्याला कशाचीच भीती नाही, आणि आता तो हातात फुले घेऊन थरथरतो. मग कळते की, पॅनेशियाचे ट्रॅजिकॉमिक्सशी लग्न ठरलेले आहे आणि त्याला रोमन सैन्यात जबरदस्तीने भरती करून आफ्रिकेत पाठवले आहे.

यानंतर ओबेलिक्स जे करतो, त्यासाठी हा अल्बम या प्रदर्शनात असायलाच हवा. तो त्या तरुणाला परत आणण्याचे वचन देतो. त्याचे दुःख गोसिनी लपवत नाहीत आणि त्याचे कौतुकही करत बसत नाहीत; ओबेलिक्स सैन्यात भरती व्हायला निघतो आणि कथा धावू लागते. पुढच्या पानांत भरती कार्यालयातील कारकुनी घोळ आहे, निरनिराळ्या देशांतले रंगरूट आहेत आणि त्यांच्यात चित्रलिपीत बोलणारा एक इजिप्शियन आहे, जो आपण कुठल्यातरी पर्यटकांच्या निवासात उतरलो आहोत अशा समजुतीत थेट इसवी सन पूर्व ४६मधल्या थॅप्ससच्या लढाईपर्यंत पोहोचतो. मी हा अल्बम जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्या इजिप्शियनला मनमुराद हसतो. पण हसत असतानाही ही सारी यातायात कोणत्या माणसाने कोणासाठी आरंभली, याचे भान सुटत नाही. विनोदाखालून वाहणारी ही वेदना लेखकाने एकदाही मोठ्या आवाजात सांगितलेली नाही.

फ्रेंच शिकवणाऱ्या आमच्या सहकारी भरतीच्या प्रसंगाच्या बाजूने होत्या आणि त्यांचे म्हणणे रास्त होते की संवादलेखनाची कमाल तिथे आहे. मी फुलांच्या पानावर ठाम राहिलो. शेवटी फुलांचे पान पेटीत आणि रंगरुटांविषयीचे जास्तीचे टिपण त्याखाली, असा मार्ग निघाला.

९ जुलै २०२६

‘द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’, १९७१. सीझर गावाला तलवारीने नमवण्याचा नाद सोडतो आणि अरण्य तोडून गावाशेजारी रोमन नागरिकांसाठी निवासी संकुल बांधायला घेतो. पुण्या-मुंबईच्या वेशीवर राहणाऱ्या कोणालाही हा अल्बम समजावून सांगावा लागणार नाही. गेटाफिक्सच्या मंतरलेल्या ओकफळांमुळे तोडलेली झाडे क्षणार्धात पुन्हा उभी राहतात. जादूचे पेय मिळालेले गुलाम बंड करण्याऐवजी मजुरी आणि मुक्तता यांची मागणी बांधकामप्रमुखापुढे ठेवतात. त्यांना मिळालेल्या सवलती ऐकून रोमन शिपाई संप करतात. प्रत्येक टप्प्यावर शक्तीचे रूपांतर सौद्यात होते, आणि सौद्यापुढे गावाचे जादूचे पेय निरुपयोगी आहे. भाडेकरू येतात, गावात खरेदी करू लागतात, मासळीचे भाव चढतात आणि पाहता पाहता अर्धे गाव मासळी, तर उरलेले जुनी शस्त्रे विकायला बसते. बाहेरून कोणी जिंकले नाही. गाव स्वतःच बदलून गेले.

गाव वाचते, गावचा बेसूर गवई कॅकोफोनिक्स याच्या गाण्याचा त्यात मोठा वाटा असतो आणि अवशेषांवर पुन्हा झाडे उगवतात. तेव्हा अ‍ॅस्टेरिक्स गेटाफिक्सला विचारतो की, काळाचा ओघ आपण असाच नेहमी थोपवू शकू का? गेटाफिक्स उत्तर देतो की, अर्थातच नाही, पण आपल्याकडे अजून वेळ आहे. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या मालिकेत, विजयाच्या मेजवानीच्या तोंडावर, लेखकाने इतके खरे उत्तर द्यावे याचे मला आजही नवल वाटते. मालिकेचा पाया म्हणजे हे गाव अजिंक्य आहे, आणि मालिकेचाच लेखक शहाण्या पुरोहिताच्या तोंडून सांगतो की ते कायम अजिंक्य राहणार नाही. तरीही या उत्तरात हताशपणा नाही. त्यानंतर लगेच जेवणाची पंगत बसते आणि ती खोटी वाटत नाही. हेच पान ठेवायचे.

१३ जुलै २०२६

इजिप्तच्या सफरीतील स्फिंक्सचे नाक या यादीत नसेल तर लोक विचारतील, असा मुद्दा आज निघाला. ओबेलिक्स वर चढतो, नाक तुटते, इथपर्यंतचा विनोद कोणालाही सुचू शकेल. त्यानंतर स्मृतिचिन्हे विकणारे दुकानदार आपापल्या छोट्या मूर्तींची नाके हातोडीने फोडू लागतात. ही चौकट गोसिनी यांची. ती समजायला मागची पाने लागत नाहीत, म्हणून तिला पेटी न देता हा अल्बम वाचनटेबलावर ठेवण्याचे ठरले.

१८ जुलै २०२६

‘अ‍ॅस्टेरिक्स इन बेल्जियम’. गोसिनी यांनी संहिता पूर्ण केली होती. उदेर्झो रेखाटत असताना ५ नोव्हेंबर १९७७ रोजी हृदयाची तपासणी चालू असतानाच गोसिनी गेले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. अल्बम १९७९मध्ये आला. कथेच्या उत्तरार्धात आकाश काळवंडते आणि पाऊस लागतो तो लागतोच. उदेर्झो यांनी आपला शोक अशा रीतीने चित्रांत आणला. अखेरच्या मेजवानीच्या चित्रात, गोसिनी यांच्या सहीजवळ, एक ससा खाली मान घालून निघून जाताना दिसतो.

हा प्रसंग लेखकाने लिहिलेला नाही, तेव्हा तो प्रदर्शनाच्या विषयात बसतो का, असा प्रश्न एका सदस्यांनी उपस्थित केला. माझे उत्तर असे की, बसतो. ज्या संहितेवर पाऊस पडतो आहे ती संहिता विनोदाने भरलेली आहे : बेल्जियन सर्वांत शूर, हे सीझरचे स्वतःच्या ग्रंथातले विधान ऐकून गावप्रमुखाला आलेला राग, शौर्याची ती अजब शर्यत, वॉटर्लूवरील व्हिक्टर ह्युगो यांच्या काव्याचे विडंबन. उदेर्झो यांनी त्यातला एकही विनोद कमी केला नाही. त्यांनी मित्राचे शब्द जसेच्या तसे ठेवले आणि फक्त हवामान बदलले. पावसाची पाने उघडी ठेवावीत आणि टिपणात तारखेपलीकडे फार काही लिहू नये, यावर एकमत झाले.

२७ जुलै २०२६

शेवटची पेटी ‘ओबेलिक्स अँड को.’साठी आहे. हा १९७६चा अल्बम. ओबेलिक्सच्या वाढदिवसाला सगळे गाव मिळून त्याला भेट देते : नव्याने आलेली रोमन तुकडी आज एकट्या ओबेलिक्सने बडवायची, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. मग सीझरचा तरुण अर्थतज्ज्ञ प्रीपॉस्टेरस येतो आणि ओबेलिक्सचे मेनहिर, म्हणजे उभ्या करायच्या प्रचंड शिळा, चढत्या भावाने विकत घेऊ लागतो. ओबेलिक्स श्रीमंत होतो, भरजरी कपडे घालतो, कामाला माणसे ठेवतो आणि अ‍ॅस्टेरिक्सबरोबर रानडुकरांच्या शिकारीला जायला त्याच्याजवळ वेळ उरत नाही. हे सारे कशासाठी, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. पुढे रोममध्ये मेनहिरांचा महापूर येऊन बाजार कोसळतो तो भाग अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगा आहे आणि आमच्यापैकी बहुतेकांनी तोच सुचवला होता.

मी वाढदिवसाचे पान मागितले. ओबेलिक्सने काय गमावले हे समजण्यासाठी त्याच्यापाशी आधी काय होते ते दिसले पाहिजे, आणि ते पहिल्याच काही पानांत आहे : ज्यांना त्याचा एकमेव छंद ठाऊक आहे आणि तो त्याला मनसोक्त पुरवता यावा म्हणून जे स्वतःचा आनंद एक दिवस बाजूला ठेवतात, असे शेजारी. बराच वेळ चर्चा झाली. ग्रंथपाल बाईंनी तोडगा सुचवला की, १४ ते २० ऑगस्ट वाढदिवसाचे पान ठेवावे आणि २१पासून समारोपापर्यंत बाजार कोसळल्याचे. तो सर्वांना पटला आणि इतर पेट्यांमध्येही २१ तारखेला पाने पालटावीत असे त्यातूनच ठरले. अपवाद पहिल्या पेटीचा. तिथले कुत्र्याचे पान तसेच राहील. प्रत्येक अल्बमसाठी दुसऱ्या पानाची निवड आणि त्याचे टिपण ५ ऑगस्टपर्यंत तयार करायचे आहे. ढालीच्या अल्बमसाठी मी कोळशाने माखलेल्या शिपायांचे पान सुचवून ठेवले आहे.